एक युनिट, एक दिवस : घरगुती वीजसवलतीच्या पात्रतेची चिकित्सा

अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांना घरातील वीज व इंधनाच्या खर्चासाठी द्यावयाच्या साहाय्याची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन टोकांवर होते. एका टोकाला ‘फुकट वाटप’ हा आक्षेप असतो, तर दुसऱ्या टोकाला कल्याणकारी राज्याचे कर्तव्य. दोन्ही पक्ष साहाय्य किती द्यावे, यावर हिरिरीने बोलतात. ते कोणाला द्यावे आणि त्यासाठी कोणता पुरावा ग्राह्य धरावा, हा प्रश्न मात्र कारकुनी तपशील मानून कार्यालयांवर सोपविला जातो. प्रस्तुत लेखाचा विषय हा ‘कारकुनी’ तपशीलच आहे. पात्रतेची व्याख्या ही योजनेच्या तळटीपेत राहत असली, तरी योजनेचा खरा आशय तेथेच ठरतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते तपासण्यासाठी महाराष्ट्रातील दारिद्र्यरेषेखालील घरगुती वीजग्राहकांचा दरवर्ग हे उदाहरण येथे प्रामुख्याने घेतले आहे.

व्याख्या काय सांगते?

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने महावितरणसाठी नोव्हेंबर २०१६ मध्ये दिलेल्या दर-आदेशात घरगुती ग्राहकांचे दोन वर्ग केलेले आहेत. त्यांपैकी पहिला दारिद्र्यरेषेखालील ग्राहकांचा असून त्याला सर्वांत कमी दर लागू होतो. या वर्गात येण्यासाठीच्या अटी दोनच. ग्राहकाचा मंजूर भार ०.२५ किलोवॉटपर्यंत असावा आणि मागील आर्थिक वर्षातील त्याचा एकूण वापर ३६० युनिटांपर्यंत असावा. आधीच्या आदेशांत भाराची मर्यादा याहूनही कमी, म्हणजे ०.१ किलोवॉट होती. दरवर्षाच्या अखेरीस पात्रतेचे पुनरवलोकन व्हावयाचे असते. वर्षभर जोडणी नसेल, तर महिन्याला ३० युनिट या प्रमाणात हिशेब करावयाचा. नव्या ग्राहकाच्या बाबतीत पहिल्या देयकाच्या महिन्यातील वापर दिवसाला एक युनिट या हिशेबाने पाहावयाचा.

या व्याख्येत वर्गाच्या नावापलीकडे दारिद्र्याचा कोठेही निर्देश नाही. उत्पन्न, शिधापत्रिकेचा रंग, दारिद्र्यरेषेखालील यादीतील क्रमांक, कुटुंबातील माणसांची संख्या यांपैकी कशाचाही उल्लेख त्यात येत नाही. दारिद्र्य सिद्ध करण्याचे काम संपूर्णपणे मीटरकडे दिलेले आहे. कमी वीज वापरतो तो गरीब, असे हे समीकरण होय. शिवाय त्याच परिच्छेदात आणखी एक वाक्य आहे. मागील वर्षी ३६० युनिटांहून अधिक वापर झालेला ग्राहक सर्वसाधारण घरगुती वर्गात जाईल आणि त्यानंतर त्याचा वापर कितीही कमी झाला, तरी तो पहिल्या वर्गात परत येऊ शकणार नाही. या वाक्याकडे पुढे परत यावयाचे आहे.

‘समजा, ३०’

३० युनिटांचा हा आकडा आला कोठून? फेब्रुवारी २००५ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय वीज धोरणात, दारिद्र्यरेषेखालील जे ग्राहक विशिष्ट पातळीच्या आत वीज वापरतात त्यांना क्रॉस सबसिडीद्वारे विशेष आधार द्यावा, अशी तरतूद आहे. ही पातळी सांगताना धोरणकर्त्यांनी ३० युनिटांचा उल्लेख केला तो ‘समजा’ या थाटात, केवळ उदाहरणादाखल. २००६ च्या दर-धोरणाने या गटासाठीचा दर सरासरी पुरवठाखर्चाच्या निदान निम्मा असावा, असे सांगितले आणि पातळीसाठी वीज धोरणाकडेच बोट दाखविले. उदाहरणादाखल आलेला आकडा अशा रीतीने दर-आदेशात उतरला आणि तेथे तो दारिद्र्यरेषा बनला. सरकारी कागदपत्रांत ‘समजा’ हा शब्द फार काळ टिकत नाही, हे आपणा सर्वांनाच ठाऊक आहे.

याहून महत्त्वाची बाब अशी की, राष्ट्रीय वीज धोरणाच्या उद्दिष्टांतही हाच आकडा निराळ्या वेषात आढळतो. २०१२ पर्यंत प्रत्येक कुटुंबाला दिवसाला किमान एक युनिट वीज मिळावी, ही जीवनावश्यक किमान पातळी समाजाने सर्वांना पुरवावयाची हितकारक वस्तू मानावी, असे ते उद्दिष्ट होते. म्हणजे एका ठिकाणी दिवसाला एक युनिट ही कोणत्याही घराला मिळालीच पाहिजे अशी किमान मर्यादा आहे, तर दुसऱ्या ठिकाणी तीच साहाय्याची कमाल मर्यादा आहे. धोरणाच्या एका परिच्छेदात जो तळ आहे, तोच दुसऱ्या परिच्छेदात छत झाला आहे. ज्या क्षणी एखादे कुटुंब राज्याने स्वतः आखलेल्या किमान गरजेच्या पुढे पाऊल टाकते, त्याच क्षणी ते साहाय्यास अपात्र ठरते. ही विसंगती केवळ शब्दांची असती, तर तिची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते.

पंख्याचा हिशेब

३६० युनिटांत काय बसते, ते पाहू. विदर्भ-मराठवाड्यातील पत्र्याच्या छपराचे एक घर घ्या. घरात ७५ वॉटचा एक साधा पंखा आणि ९ वॉटचे दोन एलईडी दिवे आहेत. मार्च ते जून या चार महिन्यांत पंखा दिवसाला वीस तास चालतो, असे धरू. लहान मूल, म्हातारी माणसे आणि रात्रीही न निवणारे पत्रे लक्षात घेता हे प्रमाण अवाजवी नाही. या १२२ दिवसांत पंख्याला १८३ युनिट लागतात. उरलेल्या २४३ दिवसांत पंखा केवळ आठ तास चालला, तरी सुमारे १४६ युनिट होतात. दोन दिवे रोज पाच तास लावले, तर वर्षाला सुमारे ३३ युनिट. बेरीज ३६२ होते. या हिशेबात दूरदर्शन संच नाही, मिक्सर नाही, भ्रमणध्वनी भारित करणेही धरलेले नाही. ४० वॉटचा दूरदर्शन संच रोज तीन तास लावला, तर आणखी ४४ युनिटांची भर पडते.

या घराचा एकूण भार ९३ वॉट भरतो, म्हणजे ०.२५ किलोवॉटच्या अटीत ते आरामात बसते. भाराच्या कसोटीला उतरलेले हेच घर वापराच्या कसोटीत मात्र दोन युनिटांनी नापास होते. मंजूर केलेला पूर्ण भार दिवसाला केवळ चार तास वापरला की एक युनिट भरते, हे लक्षात घेतले म्हणजे दोन्ही अटी एकमेकींकडे न पाहता लिहिलेल्या आहेत, हे दिसून येते.

या हिशेबात आणखी एक गोम आहे. विद्युतरोधी मोटर नव्हे, तर साध्या मोटरऐवजी नव्या तंत्राची (बीएलडीसी) मोटर असलेला पंखा सुमारे ३० वॉटवर चालतो. तो घेणाऱ्याचा वापर निम्म्याहून कमी होतो. परंतु हा पंखा महाग असल्याने तो गरिबाच्या घरी सहसा पोहोचत नाही. त्याच्या घरी जुना, पुनःपुन्हा गुंडाळी भरलेला पंखा असतो. म्हणजे तेवढ्याच वाऱ्यासाठी गरिबाचे मीटर अधिक फिरते आणि ते फिरणे त्याच्या सुस्थितीचा पुरावा म्हणून वाचले जाते. उलट ऊसतोडीसाठी दिवाळीनंतर गाव सोडून गेलेल्या कुटुंबाचे घर सहा महिने कुलूपबंद राहते, म्हणून ते पात्र राहते. येथे मीटर दारिद्र्य नव्हे, तर गैरहजेरी मोजत असते. एकाच मीटरवर दोन-तीन बिऱ्हाडे चालणाऱ्या वस्त्यांत याच्या नेमके उलट घडते. तेथे तिघांच्या गरजेची बेरीज एकाच ग्राहकाच्या नावावर जमा होते आणि तिघेही सवलतीबाहेर पडतात.

परत न येण्याची अट

आता त्या वाक्याकडे वळू. एकदा ३६० युनिटांची मर्यादा ओलांडली की परतीचा मार्ग बंद. वर्षाकाठीच्या पुनरवलोकनाला त्यामुळे एकच दिशा राहते. ते ग्राहकाला बाहेर काढू शकते, आत घेऊ शकत नाही. एखाद्या वर्षी घरात बाळंतपण झाले, एखाद्या वर्षी आजारी माणूस अंथरुणाला खिळले, लग्नासाठी पाहुणे राहिले किंवा उन्हाळा नेहमीपेक्षा लांबला, एवढ्यानेही ती सीमा पार होते. पुढच्या वर्षी माणसे घटली, मजुरी बुडाली, वापर २०० युनिटांवर आला, तरीही ते कुटुंब वीजदराच्या दृष्टीने दारिद्र्यरेषेच्या वरच राहते. चुकीच्या वाचनामुळे किंवा सरासरी देयकामुळे आकडा फुगला असेल, तर ती चूक वर्षअखेरीपूर्वी दुरुस्त करून घेणे हे ज्याचे त्याने पाहावयाचे.

दारिद्र्य ही एकदा सोडली की कायमची सुटणारी अवस्था आहे, असे या वाक्याचे गृहीतक आहे. ग्रामीण महाराष्ट्राचा ज्याला थोडाफार परिचय आहे, त्याला हे पटणे अवघड आहे. कोरडवाहू शेतकरी आणि शेतमजूर यांचे उत्पन्न पावसाबरोबर वरखाली होते. आयोगाच्या बाजूने एक कारण संभवते. काठावरील ग्राहकांनी वर्षाआड वर्ग बदलत राहावे, हे देयकव्यवस्थेला गैरसोयीचे आहे. परंतु प्रत्येक मीटरचा मागील वापर संगणकात असताना हे कारण टिकत नाही. ज्या संगणकाला ग्राहक बाहेर काढता येतो, त्याला तो परत आत घेता येणार नाही, असे मानण्याचे प्रयोजन दिसत नाही.

मीटरच का?

इतके दोष असूनही मीटरचीच साक्ष का काढली जाते, याची दोन कारणे आहेत आणि दोन्ही दुर्लक्षिण्याजोगी नाहीत. पहिले कायद्याचे आहे. वीज अधिनियम, २००३ च्या कलम ६२ च्या पोटकलम (३) नुसार आयोगाला ग्राहकांमध्ये फरक करता येतो तो भारांक, शक्तिगुणक, दाब, एकूण वापर, पुरवठ्याची वेळ, भौगोलिक स्थान, पुरवठ्याचे स्वरूप आणि प्रयोजन या आधारांवर. उत्पन्न हा आधार त्या यादीत नाही. आयोगाला माणूस दिसत नाही, त्याला जोडणी दिसते. उत्पन्न पाहून मदत द्यावयाची, तर ती राज्य शासनाने कलम ६५ प्रमाणे स्वतःच्या तिजोरीतून, तीही आगाऊ रक्कम भरून द्यावयाची आहे. तसे न करता भार अन्य ग्राहकांवर टाकणारी क्रॉस सबसिडी निवडली की, पात्रतेची भाषा आपोआप युनिटांची होते. राजकीय निर्णय टाळल्याची किंमत अशा प्रकारे व्याख्येला मोजावी लागते.

दुसरे कारण व्यवहाराचे आहे आणि ते या पद्धतीच्या बाजूचे आहे. मीटर अर्ज मागत नाही. तहसील कार्यालयाचे हेलपाटे, उत्पन्नाचा दाखला, दलालाची चिरीमिरी यांतील काहीही येथे लागत नाही. कॉर्निया आणि स्ट्यूअर्ट यांनी १९९३ मध्ये लक्ष्याधारित योजनांतील दोन प्रकारच्या चुका वेगळ्या करून दाखविल्या : गरजूंना वगळण्याची आणि गरज नसलेल्यांना सामावण्याची. दाखल्यांवर चालणाऱ्या योजनांत पहिली चूक बळावते. राज्यात मे १९९९ पासून तिरंगी शिधापत्रिका आल्या. पिवळ्या पत्रिकेची उत्पन्नमर्यादा वार्षिक १५,००० रुपये होती. मजुरी करणारे कोणते कुटुंब खरोखर एवढ्या रकमेत राहते, हा प्रश्न विचारला की कागदोपत्री उत्पन्नाचे मोल कळते. तेव्हा ‘मीटर काढा आणि दाखला आणा’ ही सूचना प्रस्तुत लेखकाला मान्य नाही.

मात्र साक्षीदार सोयीचा आहे म्हणून साक्ष खरी ठरत नाही. अमर्त्य सेन यांनी १९९५ च्या आपल्या निबंधात म्हटल्याप्रमाणे, लक्ष्य ठरविताना ज्यांच्यावर ते रोखले जाते ती माणसे निश्चल नसतात. ती विचार करतात आणि नियमानुसार वागणूक बदलतात. येथे सवलत टिकविण्याचा मार्ग एकच आहे, तो म्हणजे पंखा बंद ठेवणे. शिवाय सवलतीमुळे वीज परवडू लागली तर वापर वाढतो आणि वाढलेला वापर सवलत संपवितो. आपल्या यशामुळेच बंद पडणारे साहाय्य, असे त्याचे वर्णन करावे लागते.

पुण्याच्या गोखले संस्थेच्या परंपरेत वाढलेल्या अभ्यासकांना येथे दांडेकर आणि रथ यांच्या १९७१ च्या दारिद्र्यविषयक अभ्यासाची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्यांनी दरडोई दररोज २,२५० उष्मांकांचा आहार हा आधार घेतला आणि तेवढा आहार ज्या खर्चपातळीवर मिळतो ती पातळी शोधली. तेथेही किमान गरजेचा आकडा आहेच. परंतु त्यावरून खर्चाची रेषा काढली गेली. कोणा कुटुंबाने वर्षभर २,२५० उष्मांकांहून कमी खाल्ल्याचे सिद्ध करावे आणि मगच धान्य घ्यावे, असे कोणी सुचविले नाही. विजेच्या बाबतीत आपण नेमके तेच सुचविले आहे.

वापर आणि गरज

प्रत्यक्ष वापर आणि आवश्यक वापर यांतील फरक धोरणाच्या पातळीवर स्पष्ट करण्याचे श्रेय ब्रिटनमधील चर्चेला द्यावे लागते. ब्रेंडा बोर्डमन यांच्या १९९१ च्या ‘फ्युएल पॉव्हर्टी’ या ग्रंथाने उत्पन्नाच्या १० टक्क्यांची कसोटी रूढ केली. पुढे २००१ च्या तेथील इंधन-दारिद्र्यविषयक धोरणाने ती स्वीकारताना कुटुंब प्रत्यक्ष किती खर्च करते हे न पाहता, घर पुरेसे उबदार ठेवण्यासाठी किती खर्च करावा लागेल हे पाहिले. थंडीत कुडकुडत बसलेल्या वृद्धेचे देयक कमी येते, म्हणून तिची गरज कमी ठरत नाही, हे त्यामागील तत्त्व होय. २०१२ च्या हिल्स समितीच्या अहवालानंतर ही कसोटी बदलली आणि २०२१ पासून इंग्लंडमध्ये अल्प उत्पन्नाबरोबर घराची ऊर्जा-कार्यक्षमता पाहिली जाऊ लागली.

याचा अर्थ तेथे सर्व आलबेल आहे, असा नव्हे. मोजमापाची कसोटी आणि प्रत्यक्ष मदतीची अट यांत तेथेही अंतर राहिले. वृद्धांना हिवाळ्यासाठी मिळणारी रक्कम १९९७ पासून वयावर दिली जात होती. २०२४ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये ती प्रामुख्याने पेन्शन क्रेडिट घेणाऱ्यांपुरती मर्यादित झाली आणि २०२५ मध्ये ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांसाठी पुन्हा खुली करावी लागली. परंतु प्रश्न विचारण्याची रीत आपण घेऊ शकतो. मीटरला विचारण्याऐवजी घराला विचारावे. छप्पर पत्र्याचे आहे की स्लॅबचे, माणसे किती, गाव चंद्रपूर जिल्ह्यात आहे की महाबळेश्वरच्या घाटमाथ्यावर? भौगोलिक स्थान हा आधार तर कलम ६२ (३) मध्येच नमूद आहे. उन्हाळ्याच्या तीव्रतेनुसार वार्षिक मर्यादा निरनिराळी ठेवण्यास त्यातून वाट निघू शकते.

स्वयंपाकाच्या गॅसबाबत आपण उलट मार्ग स्वीकारला. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेत पात्रता प्रथम २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेच्या यादीवर आणि पुढे क्रमाक्रमाने विस्तारलेल्या गटांवर ठरली. तेथे वापर हा निकष नव्हता आणि एकदा मिळालेली जोडणी वापर वाढला म्हणून हिरावली जात नव्हती. सप्टेंबर २०१९ मध्ये आठ कोटींच्या उद्दिष्टपूर्तीचा सोहळा औरंगाबादेत झाला. परंतु भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१९ च्या अहवालानुसार, डिसेंबर २०१८ अखेर वर्षाहून अधिक काळ जोडणी असलेल्या ३.१८ कोटी लाभार्थ्यांचे पुनर्भरण वर्षाला सरासरी ३.२१ सिलिंडर इतकेच होते. येथे पात्रतेचा दरवाजा रुंद होता, पण तो जोडणीपाशी संपत होता आणि पुढची चूल लाकडावरच पेटत होती. पुनर्भरणासाठी स्वतंत्र अनुदान मे २०२२ मध्ये, प्रति सिलिंडर २०० रुपये, आले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ३०० झाले. महाराष्ट्राने २०२४ मध्ये अन्नपूर्णा योजनेतून वर्षाला तीन सिलिंडर मोफत देऊ केले, पण गॅसजोडणी स्त्रीच्या नावावर हवी, ही अट घातली. अटीमागील हेतू चांगला असला, तरी जोडणी नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलेल्या घरांत पात्रता पुन्हा एका कागदावर अडते.

अन्य राज्यांचे दाखले थोडक्यात. दिल्लीने ऑगस्ट २०१९ पासून २०० युनिटांपर्यंतचे देयक शून्य केले. तेथे २०१ व्या युनिटाला संपूर्ण देयकाची सवलत निम्म्यावर येते, म्हणजे कडा आहेच, फक्त ती उंचावर आहे. कर्नाटकाने २०२३ मध्ये मागील वर्षाच्या सरासरी वापरावर १० टक्के वाढ धरून, २०० युनिटांच्या मर्यादेत, वीज मोफत केली. सुरुवातीच्या या नियमानुसार पूर्वी १५० युनिट वापरणाऱ्याला १६५ मिळत, तर ३० वापरणाऱ्याला ३३. जुनी तंगीच नवा हक्क ठरवीत होती. तमिळनाडूने मे २०१६ पासून दोन महिन्यांतील पहिले १०० युनिट घरगुती ग्राहकांना मोफत दिले आणि वापर त्यापुढे गेला तरी ते काढून घेतले नाहीत. श्रीमंतालाही ते मिळतात, हा त्यावरील आक्षेप खरा आहे. पण तेथे कोणालाही पंखा बंद ठेवून आपले दारिद्र्य सिद्ध करावे लागत नाही आणि या लेखकाच्या मते ही जमेची बाजू खर्चाच्या बाजूहून जड आहे.

महाराष्ट्रापुरते पाहता, परतीचा मार्ग बंद करणारे वाक्य वगळण्यासाठी कायद्यात दुरुस्ती लागत नाही. पुढील दरनिश्चितीच्या जाहीर सुनावणीत कोणीही ग्राहक किंवा संस्था तशी सूचना मांडू शकते. मर्यादा ओलांडली तरी पहिल्या ३० युनिटांचा दर कायम ठेवणे आणि पुढील युनिटांनाच चढा दर लावणे, हेही आयोगाच्या अधिकारकक्षेत येते. या सूचनेला बळ देण्यासाठी जी माहिती लागेल, ती आपल्या महाविद्यालयांच्या हाताशी आहे. महावितरणच्या देयकावर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी आपण दरवर्षी एखादे गाव निवडतोच. त्या गावातील कोणती घरे कोणत्या वर्षी ३६० युनिटांपलीकडे गेली, किती युनिटांनी गेली, त्या वर्षी घरात काय घडले आणि त्यानंतर त्यांचा वापर किती राहिला, एवढ्या चार प्रश्नांची नोंद अर्थशास्त्राचे विद्यार्थी एका आठवड्यात करू शकतील.